दुकानातून 'ईल' आणली, ती तळात शिरायला बघते. टाकीत कशी ठेवावी? (इंदूर)

शेवंती
नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरला लोकमान्य नगरात राहतो. मुलगा आठवीत आहे आणि त्याला माशांचं फार वेड. दोन फुटी टाकी आहे, त्यात गप्पी, मॉली आणि एक गोरामी. गेल्या आठवड्यात त्याने 'ईल' म्हणून एक वीतभर लांब मासा आणला. दुकानदाराचं म्हणणं, "तळातला कचरा खाते, एवढीच राहते, हिला वेगळं काही लागत नाही."

घरी आल्यापासून ती तळाच्या रंगीत खड्यांत तोंड खुपसून आत जायला बघते, ते जमत नाही, मग फिल्टरच्या मागे जाऊन उभी राहते. दाणे टाकले की बाकीचे सगळे वर धावतात, ही ढुंकूनही बघत नाही. नाकाच्या टोकाशी आता एक पांढरट ओरखडा दिसतोय.

खड्यांऐवजी वाळू घालायची का, आणि कोणती? खायला काय द्यायचं? आणि मुळात एवढ्या टाकीत हिला ठेवणं बरोबर आहे का? मुलगा रोज विचारतो, "आई, ती घाबरली आहे का?" त्याला खरं उत्तर द्यायचं आहे.

नितळ
वाळू. आणि उद्यावर ढकलू नका.

हा मासा गंमत म्हणून तळात शिरत नाही. दिवसा अंग झाकलेलं असलं तरच तो स्वस्थ राहतो. खड्यांवर तोंड घासून ओरखडा पडतो, ओरखड्यात बुरशी धरते, आणि ह्या जातीचे बहुतेक मासे घरात जातात ते ह्याच वाटेने. दुसरी वाट उपासमारीची, त्यावर कोणीतरी लिहीलच.

इंदूरला बांधकामाची नर्मदेची रेती सगळीकडे मिळते, पण ती तशीच घालू नका, तिच्यात धारदार कण असतात. पिठाच्या चाळणीतून चाळा, खाली पडेल ती घ्या. बादलीत हाताने घुसळून पाणी ओतत राहा, गढूळपणा जाईपर्यंत. मग मूठभर घेऊन तळहाताच्या मागच्या बाजूला चोळून बघा. टोचली तर नको. त्यापेक्षा सोपं हवं असेल तर पाणी गाळायच्या यंत्रांत घालतात ती बारीक गोल सिलिका वाळू आणा. जाडी दोन ते तीन इंच. पांढरी संगमरवरी चुरी अजिबात नको, ती पाण्याचा जडपणा वाढवते.

एक सांभाळा. खडे काढताना फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, नाहीतर टाकीतले उपयोगी जिवाणू जातील आणि अमोनिया चढेल.

मालवणी_मासा
आमच्याकडे वाम टाकीत नसते हो, तिरफळं घातलेल्या कालवणात असते! 😄 राग मानू नका ताई, नाव वाचलं आणि भूक लागली.

पाणकोंबडी
@मालवणी_मासा, तुमच्या कालवणातली वाम समुद्रातली, तिचा ह्या माशाशी संबंध नाही. शेवंतीताईंची आहे ती गोड्या पाण्यातली काटेरी वाम. हिंदीवाले तिला बाम म्हणतात, मासळीवाल्याकडे विचारलंत तर त्याच नावाने कळेल.

आणि दुकानात 'ईल' म्हणतात म्हणून ती खरी ईल होत नाही. खऱ्या ईलचा, म्हणजे आपल्याकडच्या अहिराचा, जन्म समुद्रात होतो. पिल्लं नदीत चढून वाढतात आणि अंडी घालायला पुन्हा समुद्रात उतरतात. काटेरी वाम जन्मभर गोड्या पाण्यातच. तिच्या पाठीवर पुढच्या भागात सुटे सुटे काटे असतात, एरवी आडवे पडलेले. पकडली की उभे राहतात.

ताई, फोटो टाका. तोपर्यंत दोन गोष्टी बघून ठेवा. एक, शेपटीचा पंख वेगळा दिसतो की पाठीचा आणि पोटाखालचा पंख त्याला सलग जोडलेले आहेत? दोन, अंगावर काय आहे: डोळ्यासारखे गोल ठिपके, बारीक पिवळसर ठिपके, की जाळीदार नागमोडी नक्षी? सगळं उत्तर ह्यावर अवलंबून आहे, कारण ह्यातली एक जात वीतभरच राहते आणि दुसरी हातभरही ओलांडते.

रामबागकर
पाण्याचं मी सांगतो, आपण एकाच गावचे. नर्मदेचा नळ दिवसाआड येतो आणि त्याला क्लोरीन असतं. साठवलेलं पाणी उघड्या पिंपात हवेचा पंप लावून दिवसभर ठेवा, किंवा दुकानात अँटीक्लोरीनची बाटली मिळते ती वापरा. बोअरिंगचं पाणी आमच्या भागात फार जड आहे, त्यात ही जगेल, पण सारखं एकदा बोअरिंग एकदा नर्मदा असं करू नका. जे घालाल ते एकच ठेवा आणि आठवड्याला चौथा हिस्सा बदला.

शेवंती
फोटो टाकला आहे. पंख शेपटीला सलग जोडलेले दिसतात, मुलाने भिंग लावून बघितलं. अंगावर तपकिरी, जाळीदार, वळणावळणाची नक्षी आहे.

वाळू आणायला सांगितली आहे.

पाणकोंबडी
मग शंका नाही. ही मॅस्टासेम्बेलस आर्माटस. आपल्याच नद्यांतली, नर्मदेतही आहे. पाकिस्तानपासून व्हिएतनामपर्यंत सापडते.

आता नीट ऐका. मोठ्यात मोठी नोंद 90 सेंटीमीटरची आहे. नदीत सहज मिळतात त्या दीड-दोन फुटी. टाकीत ती तेवढी होईलच असं नाही, पण 'एवढीच राहते' हे साफ चुकीचं. मॅक्रोग्नॅथस पंकालस ही लहान जात असती तर 18 सेंटीमीटरच्या आसपास थांबली असती आणि तीन फुटी टाकीत आयुष्य काढलं असतं. दुकानात दोन्ही एकाच पिंपात असतात, वेगळं करून कोणी विकत नाही.

गप्पी मात्र आजच वेगळे करा. रात्री एकेक कमी होतील.

लष्करवाला
ग्वाल्हेरहून. घाबरवू नका हो त्यांना. माझ्या मामाकडे तीन फुटी टाकीत आर्माटस कित्येक वर्षं होती, फूटभराच्या पुढे गेली नाही. मासा टाकी बघून वाढतो.

नितळ
@लष्करवाला, तुमच्या मामांबद्दल काही म्हणत नाही, पण मासा टाकी बघून वाढतो हा समज सोडून द्यायला हवा. लहान टाकीत घाण लवकर साचते, मासा अशक्त राहतो, वाढ खुंटते. तो जगतो, पण धडधाकट नसतो. दोन फुटी टाकीत पाणी जेमतेम पन्नास-पंचावन्न लिटर. फूटभर लांबीच्या मांसाहारी माशाची घाण एवढ्या पाण्याला झेपत नाही.

लष्करवाला
धडधाकट होती. हातातून गांडूळ घ्यायची. पण तुमचा पाण्याचा मुद्दा मान्य, मामा रोज पाणी बदलायचे. आमच्या तिघरा धरणाचं पाणी, सकाळ-संध्याकाळ बादल्या. एवढं कोण करतं आता.

बडोदेकर_काका
खाण्याचं मी लिहितो. आमच्याकडे आर्माटसच आहे, दांडिया बाजारातल्या जुन्या घरात, पाच फुटी टाकीत.

दाण्यांची आशा सोडा. हिला जिवंत किंवा निदान मांसाचं खाणं लागतं: गांडूळ, ब्लडवर्म (बारीक लाल अळ्या), सोललेली कोळंबी. नजर अधू, नाक मात्र विलक्षण. तोंडाच्या पुढे मांसल टोक असतं, हत्तीच्या सोंडेसारखं लवचीक, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना नाकपुड्यांच्या बारीक नळ्या. खाणं पाण्यात पडलं की आधी ते टोक वाळूतून वर येतं आणि डावं-उजवं हलत वास घेतं. मग डोळे दिसतात. मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग सगळं अंग एकदम बाहेर.

पद्धत अशी. खोलीतला दिवा घालवा. टाकीचा दिवा घालवून तास तरी जाऊ द्या. बाकीच्या माशांना आधी दाणे देऊन त्यांची पोटं भरा, नाहीतर हिच्या वाटचं ते पळवतात. मग काचेच्या नळीतून किंवा लांब चिमट्याने ब्लडवर्म थेट तिच्या नाकासमोर वाळूवर सोडा. रोज एकाच कोपऱ्यात, एकाच वेळी. पहिल्या रात्री खाल्लं नाही तर उरलेलं सकाळी काढून टाका, आणि दुसऱ्या रात्री पुन्हा. नवीन वाम आठवडा-दहा दिवस तोंड लावत नाही, त्याने धीर सोडू नका. पण वरून बघताना डोक्यामागे अंग खपाटीला गेलेलं, पाठीची धार वर आलेली दिसली तर ती उपाशी आहे. मग रोज बघा.

गांडुळं बागेतली घ्या, जिथे फवारणी नसेल तिथली. एक दिवस ओल्या कागदात ठेवा म्हणजे त्यांच्या पोटातली माती निघून जाते. गांडूळखताच्या खड्ड्यातली लाल गांडुळं नकोत, ती अंगातून उग्र द्रव सोडतात आणि बरेच मासे तोंडात घेऊन थुंकतात.

माळव्याचा_पाऊस
भिया, आत्ता आषाढ चालू आहे, इंदुरात पोह्याच्या गाडीपेक्षा गांडुळं जास्त 😀 बागेत कुदळ मारायचीही गरज नाही, पायऱ्यांवर येऊन बसतात. ताई, थोडी कुंडीत सोडून ठेवा, उन्हाळ्यात कामी येतील.

आणि नाल्याकाठचे ट्युबिफेक्स, म्हणजे ते बारीक लाल किडे, घेऊ नका. गटाराच्या चिखलातले असतात, रोग घेऊन येतात. बर्फातले ब्लडवर्म मिळतात, ते बरे.

तळ्याकाठी
एक वेगळं बोलू का? ह्या धाग्यात सगळे 'कशी पाळावी' सांगतायत, 'का पाळावी' कोणी विचारत नाही.

ही जात टाकीत क्वचितच प्रजनन करते. दुकानातली जवळजवळ प्रत्येक आर्माटस नदीतून किंवा ओढ्यातून पकडलेली असते. बऱ्याच जणी कलकत्त्याच्या बाजारातून येतात, कारण देशातला शोभेच्या माशांचा मोठा व्यापार तिथून चालतो. पिशवीत, गर्दीत, उपाशी. त्यातल्या किती पोचत असतील? आपण एक विकत घेतली की दुकानदार आणखी मागवतो. शेवंतीताईंचा दोष नाही, त्यांना काहीच सांगितलं गेलं नाही. पण वाचणाऱ्यांनी तरी पुढची आणू नये असं मला मनापासून वाटतं.

पाणकोंबडी
@तळ्याकाठी, अर्धं पटतं. आर्माटस आज संकटात असलेली जात नाही, आणि ती पोटासाठी लाखोंनी खाल्ली जाते. टाकीसाठी जातात त्या त्यामानाने थोड्या. नदीतल्या वामीला खरा मार बसतो तो वाळूउपशाचा. जी वाळू आपण टाकीत दोन इंच घालतो, तीच नदीच्या पात्रातून ट्रकांनी उचलली जाते आणि हिचं घर जातं.

पण दुकानात जाती न सांगता विकणं, ह्यावर मी तुमच्या बाजूने. 'किती मोठी होते' हे पाटीवर लिहिलं तरी निम्मे लोक घेणार नाहीत.

तळ्याकाठी
वाळूउपशाचं बोललात ते फार बरं केलंत. मान्य. तरी मी माझ्या म्हणण्यावर आहे.

ओंकारेश्वरी
मग सोपं आहे ना. आपली नर्मदेतलीच जात, एखाद्या रविवारी महेश्वरला जाऊन घाटावर सोडून द्यायची. पुण्यही लागेल.

नितळ
नको! कृपा करून नको.

दुकानाच्या पिंपात ती देशोदेशीच्या माशांबरोबर राहिली आहे. तिच्या अंगावर कोणता रोग, कोणता परजीवी आहे हे बाहेरून कळत नाही. तो नर्मदेत सोडायचा का? शिवाय ती नर्मदेचीच कशावरून? वर लिहिलंच आहे, बंगालची असू शकते. तेच इंदूरच्या सिरपूर, बिलावली, यशवंत सागर ह्या तलावांचं. सिरपूर आणि यशवंत सागर तर 2022 पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहेत. टाकीतला कोणताही मासा बाहेर सोडू नये, देशी असो की विदेशी.

बडोदेकर_काका
हेच. आणि आमच्या विश्वामित्रीत सोडलीत तर मगर खाईल, तिचंही पुण्य नाही लागायचं.

लष्करवाला
उलटही सांगतो, कोणी चंबळेतून पकडून आणायचा विचार करत असेल तर ते अभयारण्य आहे, घडियालांचं. तिथे मासेमारी बंद आहे.

कुमुदिनी_ताई
नाकाच्या ओरखड्याचं राहूनच गेलं. आमच्याकडे मॉलीला काही झालं की खडेमीठ घालतो. वामीला चालेल का?

पाणकोंबडी
थोडं चालतं, पण हात राखून. हिचे खवले इतके बारीक आणि कातडीत रुतलेले असतात की औषध थेट अंगाला लागल्यासारखं होतं. तांबं असलेली औषधं नकोतच. पांढऱ्या ठिपक्यांवरचं हिरवं औषध, मॅलाकाइट ग्रीन, द्यायचीच वेळ आली तर अर्ध्या मात्रेत. नुसत्या ओरखड्याला औषध नको. वाळू आणि रोज थोडं स्वच्छ पाणी, एवढ्यावर बरा होतो. कापसासारखी बुरशी दिसली तर लगेच इथे लिहा.

आणि जाळीने पकडू नका. पाठीचे काटे जाळीत अडकतात, मासाही जखमी आणि आपलं बोटही. डबा किंवा मोठा पेला पाण्यात आडवा धरून त्यात शिरू द्या.

रामबागकर
झाकण! एवढं सगळं बोललो, झाकण कोणी बोललं नाही.

वाम पळते. माझ्या एका मित्राकडे फिल्टरच्या नळीसाठी मागे करंगळीएवढी फट ठेवली होती, त्यातून रात्री निसटली. सकाळी ओट्याखाली ओल्या फडक्याशी सापडली, नशिबाने जिवंत. जिथून तिचं डोकं जातं तिथून सगळं अंग जातं हे धरून चाला. फटीत स्पंज कोंबा. फिल्टरच्या शोषणनळीलाही स्पंज लावा.

आता माळव्यातला उन्हाळा. मे महिन्यात टाकीचं पाणी 32-33 अंशांवर जातं, गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो. पाण्यावर पंखा सोडला की दोन-तीन अंश उतरतात, पण त्यासाठी झाकण काढावं लागतं आणि मग ही बाहेर. त्यावर उपाय म्हणजे मच्छरदाणीची जाळी ताणून चारही बाजूंनी चिमटे. वारा आत जातो, वाम बाहेर येत नाही. हिवाळ्यात हीटर लावाल तर त्याला जाळीचं कवच घाला, ही त्याला टेकून झोपते आणि भाजते.

माळव्याचा_पाऊस
काका, आमच्याकडे वीज गेली की पंखाही जातो, त्याचं काय?

रामबागकर
बॅटरीवर चालणारा हवेचा पंप. स्वस्त असतो, माशांच्या दुकानात मिळतो. बाटलीत बर्फ करून टाकीत तरंगत ठेवायचा, पण एकदम मोठा नको, हळू हळू उतरू द्या.

शेवंती
सगळ्यांचे मनापासून आभार. जे झालं ते लिहिते.

सिलिका वाळू मिळाली, ती धुऊन घातली. गप्पी शेजारच्या काकूंच्या कुंडात गेले. वाळू घातल्यावर ती तासभर वरवर फिरत राहिली. मग एका कोपऱ्यात नाक टेकवलं, अंगाला एक झोका दिला आणि आम्ही बघता बघता डोक्यापासून शेपटीपर्यंत आत गेली. थोड्या वेळाने दुसऱ्याच जागी नाकाचं टोक आणि दोन डोळे वर आले. मुलगा टाकीसमोरून हलेना.

पहिले काही दिवस खाल्लं नाही. काकांनी सांगितलं तसं रोज त्याच कोपऱ्यात, दिवा घालवून दिलं. काल रात्री गांडुळाचा तुकडा ओढून आत नेला. नाकाचा ओरखडा आता जवळजवळ दिसत नाही.

तळ्याकाठी, तुमचं लिहिणं मुलाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, दुसरी आणायची नाही, पण हिला नीट ठेवायची. मलाही तसंच वाटतं. तेव्हा मोठी टाकी करायची ठरली आहे. पाच फूट लांब, दोन रुंद, दोन उंच. दिवाळीपर्यंत ही दोन फुटी चालेल ना? आणि आम्ही पहिल्या मजल्यावर आहोत, वजनाचं काय?

तळ्याकाठी
त्याला माझा आशीर्वाद सांगा.

नितळ
दिवाळीपर्यंत चालेल, तोवर पाणी बदलत राहा. उंची दोन फूट कशाला? ही तळात राहणारी, तिला लांबी-रुंदी हवी. दीड फूट उंची करा, पैसे आणि वजन दोन्ही वाचेल. नव्या टाकीचा फिल्टर आधी महिनाभर जुन्या टाकीत चालवा, मगच मासा हलवा.

रामबागकर
5×2×दीड म्हणजे सव्वाचारशे लिटर. पाणी, वाळू, काच, लोखंडी घोडा मिळून पाचशे किलोच्या वर जाईल. खोलीच्या मधोमध नको, बाहेरच्या जाड भिंतीला लागून, खाली तुळई असेल त्या बाजूला. मांडण्याआधी गवंड्याला दाखवा. घोड्याच्या पायांखाली लाकडी फळी घाला म्हणजे भार एका फरशीवर येत नाही, आणि काचेखाली थर्माकोल. काच 10 मिलिमीटरपेक्षा पातळ घेऊ नका. झाकण तो काचवालाच करून देईल, नळीचं भोक मात्र समोर उभं राहून मोजून पाडून घ्या.